अभिजात भाषांच्या पदवीवर्गात जाण्याआधी

पहिलं काम भाषा निवडण्याचं. कुठले ग्रंथ मुळातून वाचायचे आहेत, त्यावरून ती निवडा. प्लेटो किंवा बायबलचा नवा करार वाचायचा तर ग्रीक, रोमन कायद्यासाठी लॅटिन, बायबलच्या जुन्या करारासाठी हिब्रू. मात्र त्यातल्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचा बराच भाग अरामाईकमध्ये आहे, हे आधीच ठाऊक असू द्या. थेरवादी त्रिपिटकासाठी पाली हवी. महायान ग्रंथांकडे ओढा असेल तर नुसत्या संस्कृतवर भागत नाही, कारण अनेक ग्रंथांची मूळ संहिता हरवली आणि ते चिनी किंवा तिबेटी भाषांतरांतूनच उरले. दोन भाषा सक्तीच्या असतील तर दुसरी एखादं सत्र उशिरा घेता येते का, ते विचारा. दोन्हीकडची रूपं एकदम पाठ करताना फार ओढाताण होते.

लिपी मात्र वर्ग भरण्याआधीच हातात बसलेली हवी. ग्रीकची 24 अक्षरं, हिब्रूची 22. रोज थोडा वेळ दिला तर हे सहज जमतं. नुसतं बघून शिकू नका, लिहून काढा. हिब्रूत दालेत आणि रेश ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की फरक फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो: दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोलसर. जुन्या नकलाकारांचाही इथे गोंधळ झालेला आहे, आणि काही पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळ्या प्रतींतली वेगळी रूपं, त्यातूनच आले आहेत.

व्याकरणाची उजळणी करा. कर्ता, कर्म, विभक्ती, प्रयोग या गोष्टी शाळेत शिकून विसरल्या असतील तर पुन्हा काढा. लॅटिन आणि ग्रीकमध्ये शब्द कुठे आला यापेक्षा त्याचं रूप काय आहे यावर अर्थ ठरतो. मराठी माणसाला इथे जरा सोपं जातं, विभक्ती ही कल्पना त्याला नवी नसते. क्रियापदं मात्र घाम काढतात. लॅटिन क्रियापदाची चार मुख्य रूपं पाठ करावी लागतात, ग्रीकची सहा.

शब्दकोश हाताळायची सवय लावून घ्या. ग्रीकसाठी लिडेल-स्कॉट, संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स हे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. हिब्रूचा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज कोश धातूंनुसार लावलेला आहे, म्हणजे शब्दाचा धातू ओळखता आला नाही तर तो शब्द सापडतच नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक जण तयारीत धरत नाहीत. एखादी चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून तयार केलेली आवृत्ती, उघडा आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेले पाठभेद वाचायला शिका. नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट घ्या. 16व्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओव्या चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. तिथे पुस्तक 8व्या ओवीला, येशूच्या रिकाम्या कबरीपासून घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी संपतं. महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (काम 1919 ला सुरू, 1966 ला पूर्ण) गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे त्याबद्दल असं वाचताना मन कचरतं, ते अगदी स्वाभाविक आहे. पण वर्गात पहिल्या दिवसापासून हेच प्रश्न येणार: हा मजकूर कुठल्या हस्तलिखितात आहे, ते कधीचं, कुणी कुणासाठी उतरवलं? 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये सापडलेल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांचं मोलही तेव्हाच कळतं. त्याआधी हिब्रू बायबलच्या ज्या महत्त्वाच्या प्रती हाताशी होत्या, त्यांच्यापेक्षा तिथली यशया या पुस्तकाची गुंडाळी सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे.

समाजाचा अभ्यास फक्त थोर ग्रंथांवर होत नाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांनी 1896-97 च्या हंगामात खोदायला सुरुवात केली, तेव्हा सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या कवितांच्या तुकड्यांसोबत करपावत्या, करारनामे आणि घरगुती पत्रंही निघाली. अशी चार-दोन पत्रं भाषांतरात का होईना वाचून ठेवा, कोरीव लेख आणि नाणी बघा. एक नकाशा आणि एक कालपट टेबलासमोर लावा.

संशोधनापर्यंत जायचं मनात असेल तर जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरती लागेल. ते आत्ताच नको, पण विसरूही नका. संगणकावर युनिकोड कीबोर्ड बसवून घ्या. ग्रीकचे स्वराघात, रोमन लिपीत संस्कृत लिहिताना लागणारी चिन्हं आणि उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू, हे सगळं एकाच निबंधात नीट उमटतं का, ते करून बघा. निबंध द्यायच्या आदल्या रात्री ते जुळवत बसणं नको.

शेवटी विभागाला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: पहिल्या सत्राला कुठलं पाठ्यपुस्तक आहे, आठवड्याला भाषेचे तास किती, आणि परीक्षेत न वाचलेला उतारा भाषांतराला येतो का. पुस्तकाचं नाव कळलं की पहिले दोन धडे स्वाध्यायांसकट सोडवून ठेवा.