कर्जाचे कागद आधी पडवीत पसरा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराची अर्धी कौलं गेली आणि वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. आम्ही दापोली तालुक्यातले, समुद्राकाठचे. हे हर्णै बंदरात खलाशी आणि माझी घरगुती खानावळ. त्या साली पर्यटक नव्हते, म्हणून खानावळही बंद. छपरासाठी पतसंस्थेचं कर्ज घेतलं. त्याच्या हप्त्यासाठी महिला गटाचं कर्ज, त्याच्या हप्त्यासाठी दुसऱ्या गटाचं, मग सोनं गहाण आणि शेवटी एका खासगी माणसाकडून शेकडा पाचने एक लाख. दोन वर्षांत पाच ठिकाणची देणी झाली. त्यातून बाहेर कशी आले ते लिहिते आहे, कारण आजूबाजूच्या चार घरांत मला आज तेच दिसतंय.

सगळ्यात आधी, कर्ज फेडायला नवीन कर्ज घेणं आजपासून थांबवा. मग घरातले सगळे कागद काढा. मी नोटिसा न उघडता तांदळाच्या डब्याखाली सरकवत होते. एका रविवारी जाऊबाईंनी त्या काढायला लावल्या आणि पडवीत पसरल्या. प्रत्येक कर्जाचं लिहून काढलं: कोणाचं, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय, जामीन कोण. दुसऱ्या कागदावर बारा महिन्यांची आवक. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत हातात काही येत नाही. आणि हप्ते मात्र बाराही महिने सारखे! हे कागदावर दिसेपर्यंत मला वाटायचं, आपणच उधळ्या आहोत.

घरखर्च, वीज, औषधं, मुलांची फी हे आधी बाजूला काढा. उरेल त्यातून ज्या कर्जाला घर किंवा जमीन लागली आहे त्याला पहिला मान. मी उलटं करत होते. जो दारात येऊन ओरडायचा त्याला पैसे द्यायचे आणि जो गुपचूप नोटीस पाठवायचा त्याला विसरायचं. घर मात्र त्या गुपचूप नोटिशीनेच जातं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक कर्जाची दाद मागायची जागा वेगळी आहे. मी सहा महिने चुकीच्या जागी खेटे घातले.

पतसंस्था सहकार खात्याखाली येते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे तिथल्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तिची तक्रार चालत नाही. तिथे सहकार खात्याचे तालुक्याचे अधिकारी, म्हणजे सहायक निबंधक, यांच्याकडे जायचं. मला सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची नोटीस आली होती. ती आली की सुनावणीला जायचंच. आपण गेलो नाही तर आपलं म्हणणं न ऐकताच वसुलीचा दाखला निघतो आणि मग जप्तीपर्यंत जातं. जाण्याआधी संस्थेकडून पूर्ण खातेउतारा लेखी अर्ज करून मागा आणि आपल्या पावत्यांशी ताडून बघा. माझ्या दोन पावत्या खात्यात चढल्याच नव्हत्या. त्या दाखवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. जून-जुलैत हप्ता नाही आणि ऑक्टोबर ते मे थोडा जास्त, असं मी मागितलं आणि लेखी घेतलं. तोंडी कबूल झालेलं धरू नका.

मुंबईचे भाऊजी या कर्जाला जामीन होते. जामीनदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी असते. ते गणपतीला आले तेव्हा नोटीस त्यांच्या आधीच येऊन बसली होती. माझ्या तोंडून कळायला हवं होतं, ते टपालाने कळलं. तुमच्या जामीनदाराला आजच फोन करा.

बँक, फायनान्स कंपनी आणि गटाची कर्जं देणाऱ्या बहुतेक कंपन्या रिझर्व्ह बँकेखाली येतात. त्यांचा वसुलीवाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर बदनामी हेही चालत नाही. आमच्या पडवीत एकजण रात्री नऊपर्यंत ठिय्या देऊन बसायचा. मी तारीख-वेळ वहीत लिहिली आणि कंपनीला लेखी तक्रार दिली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८. मोबाईल ॲपवरच्या कर्जवाल्यांनी फोटो किंवा नातेवाईकांचे नंबर वापरून छळलं तर १९३० या सायबर हेल्पलाईनला कळवा.

खासगी सावकाराचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे आपण सगळ्यात जास्त घाबरतो. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ चा आहे. व्याजाने पैसे देण्याचा धंदा परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे. परवाना असला तरी बिगरशेती, विनातारण कर्जावर सरकारने ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के आहे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६०! शिवाय दामदुपटीचा नियम आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मी बावीस महिने पाच-पाच हजार दिले होते, म्हणजे लाखावर एक लाख दहा हजार व्याज, आणि मुद्दल तसंच उभं. त्याच्याकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक होते. सहायक निबंधकांकडे साध्या कागदावर अर्ज दिला, पैसे पाठवल्याचे मोबाईलवरचे पुरावे छापून जोडले आणि पोच घेतली. चौकशीचं पत्र गेल्यावर तो माणूस स्वतः चेक घेऊन आला. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. गेल्या १५ वर्षांतला असा व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. चेक वटला नाही म्हणून वकिलाची नोटीस आली तर ती कधीच टाकून देऊ नका, तिची मुदत १५ दिवसांचीच असते.

सोन्याचं थोडक्यात. लिलावाची वाट बघू नका. मी एक बांगडी विकून बाकीची सोडवली.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंबर १५१००. लोकअदालतीत तडजोड करायला फी नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणारी बँक, ही बँक ऑफ इंडिया आहे. अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांकडे आर्थिक साक्षरता केंद्राची चौकशी करा, तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. आधी पैसे भरा मग कर्ज माफ करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

एका रात्री मी विहिरीच्या कठड्यापाशी बराच वेळ उभी होते. हे लिहायला जड जातंय, पण कुणी तशी उभी असेल म्हणून लिहिते. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं. माणूस ऐकून घेतो. कर्ज थकलं एवढ्यावरून कुणी तुरुंगात जात नाही. घरच्यांना तुम्ही हव्या आहात.

शेवटचा हप्ता भरला की येणे बाकी नसल्याचा दाखला, मूळ कागद आणि चेक परत मागा. सातबाऱ्यावर बोजा चढलेला असेल तर तो दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या आणि बोजा कमी झालेला नवीन उतारा हातात आल्याशिवाय फाईल बंद करू नका. आमचा मार्चमध्ये आला.