झाडावर नोटीस लागली की: घेर मोजण्यापासून हरकतीच्या अर्जापर्यंत

सोलापुरातला होटगी रस्ता असो की विजापूर रस्ता, रुंदीकरण किंवा नवे बांधकाम निघाले की आधी जाते ते कडेचे झाड. बुंध्यावर कागद चिकटतो, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते आणि हरकतीची मुदत संपते. बहुतेक हरकती फेटाळल्या जातात, कारण त्यांत ‘झाडे तोडू नका’ यापलीकडे काही नसते. अर्जात आकडे असतील तर त्यांना उत्तर द्यावे लागते. ते आकडे कसे काढायचे आणि अर्जात कसे मांडायचे, हे इथे दिले आहे.

नोटीस दिसली त्याच दिवशी तिचा फोटो घ्या. फोटोत तारीख, झाडाचा क्रमांक आणि मागचा परिसर स्पष्ट दिसला पाहिजे. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवा. शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याने झाड प्रत्यक्ष पाहणे, वर्तमानपत्रात जाहिरात देणे आणि झाडावर ठळक जागी नोटीस लावणे बंधनकारक आहे. यातले एक जरी झाले नसेल तरी हरकतीचा पहिला मुद्दा तोच. मुदत नोटिशीवर लिहिलेली असते, बहुतेक वेळा सात दिवस, आणि त्यात रविवारही मोजला जातो हे धरून चाला. झाड महापालिका किंवा नगरपालिका हद्दीबाहेर असेल तर १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा पाहावा लागतो. आंबा, चिंच, जांभूळ, साग, खैर, मोह ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत.

आता मोजमाप. लागते एवढेच: सुतळी, मीटरची टेप, खडू, चौकोनी कागद आणि सोबत एक माणूस. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची असते, ती मोठ्या कडुनिंबाला पुरत नाही. सुतळी गुंडाळून खूण करा आणि मग ती टेपवर मोजा.

घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर मोजायचा. आधी बुंध्यावर खडूने खूण करा. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूने धरा. सुतळी आडवी आणि घट्ट हवी. एका बाजूने जरी खाली घसरली तरी घेर जास्त येतो. खुणेच्या जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या थोडे वर मोजून तसे लिहून ठेवा. बाभूळ आणि करंज अनेकदा खालीच फुटतात. अशा वेळी प्रत्येक खोडाचा घेर वेगळा घ्या. सगळ्यांवर मिळून एकच सुतळी फिरवू नका, ती चूक समोरचा माणूस लगेच पकडतो. वडाच्या पारंब्याही बुंध्यात धरायच्या नाहीत.

उंचीसाठी चौकोनी कागद कर्णात दुमडा. त्रिकोणाची एक छोटी बाजू जमिनीला समांतर आणि दुसरी उभी धरून तिरक्या कडेने शेंड्याकडे पाहा. शेंडा त्या कडेच्या रेषेत येईपर्यंत मागे सरका. तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर मोजून त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवा, ती झाडाची उंची. सपाट जमिनीवर अर्ध्या-एक मीटरचा फरक पडतो, तो चालतो. कागद तिरपा धरला तर मात्र तीन-चार मीटरने चुकते, म्हणून सोबतच्या माणसाला बाजूने बघायला सांगा.

समजा कडुनिंबाचा घेर १८० सेंमी आणि उंची १२ मीटर आली. घेराला ३.१४ ने भागले की व्यास ५७.३ सेंमी. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी वापरले जाणारे एक सूत्र असे आहे: जमिनीवरचे कोरडे वजन (किलो) = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यासाचा वर्ग × उंची) या गुणाकाराचा ०.९७६ वा घात. कडुनिंबाची घनता ०.६९ धरतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये घाताचे बटण असते. उत्तर येते साधारण १,४३० किलो. मुळांसाठी १.२६ ने, त्यातला कार्बन काढण्यासाठी ०.४७ ने आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करण्यासाठी ३.६७ ने गुणा. हाती येतात सुमारे ३,१०० किलो, म्हणजे तीन टनांहून जास्त. जातीनुसार घनता बदलते. वड-पिंपळाचे लाकूड हलके, चिंचेचे जड. कडुनिंबाचा आकडा सगळ्यांना लावू नका.

हाच हिशेब आता बदली रोपाचा करा. १९७५ च्या अधिनियमातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची असतात, प्रत्येक रोप किमान सहा फुटांचे हवे आणि सात वर्षे त्यांची निगा राखायची असते. आठ सेंटिमीटर घेराचे, दोन मीटर उंचीचे रोप याच सूत्राने जेमतेम १.२ किलो कार्बन डायऑक्साइड धरून असते. (इतक्या बारीक रोपाला हे सूत्र काटेकोर लागू होत नाही, पण अंदाजाला पुरते.) झाड ४० वर्षांचे असेल तर ४० रोपे, मिळून ४८ किलो. एकीकडे ३,१०० आणि दुसरीकडे ४८. हरकतीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. ‘एकाच्या बदल्यात चाळीस’ ऐकायला छान वाटते, पण ती चाळीसच्या चाळीस जगली तरी बरोबरी व्हायला कित्येक वर्षे लागतात. तोडलेल्या झाडातला कार्बन मात्र लाकूड जळले की त्याच हंगामात हवेत जातो.

वयाचा रकाना नीट तपासा. ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड या दुरुस्तीनुसार हेरिटेज वृक्ष ठरते, आणि ५ वर्षांहून जुनी २०० किंवा त्याहून जास्त झाडे तोडायची असतील तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूद त्या दुरुस्तीत होती (ती आज लागू आहे का ते विचारून घ्या). त्यामुळे झाड तोडण्याच्या अर्जात वय ४८ लिहिले की ५२, याने बरेच काही बदलते. कोणत्या पद्धतीने वय काढले ते लेखी विचारा. गल्लीतले जुने फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो, मागची वृक्षगणना, यांतून पुरावा निघतो. एकच प्रकल्प तुकड्यातुकड्यांनी दाखवून झाडांची संख्या २०० च्या आत ठेवलेली नाही ना, हेही पाहा.

अर्ज एका पानाचा ठेवा. मजकूर साधारण असा:

‘विषय: झाड क्र. …, कडुनिंब, … रस्ता, तोडण्यास हरकत. दि. … रोजी मोजलेला घेर १८० सेंमी, उंची १२ मी. नोटिशीत घेर … सेंमी दाखवला आहे, त्यात तफावत आहे. या झाडात अंदाजे ३.१ टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा आहे. प्रस्तावित ४० रोपांत तो अंदाजे ०.०५ टन असेल. (१) झाड ठेवून गटार किंवा पदपथ सरकवण्याचा पर्याय तपासला का, त्याचा नकाशा द्यावा. (२) बदली रोपांची जागा, जात व सात वर्षांच्या पाण्याची तरतूद सांगावी. (३) मला सुनावणी द्यावी.’

हवामान धोरणाचा संदर्भ एका ओळीत पुरे. २०३० पर्यंत वने आणि वृक्षाच्छादनातून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा निर्माण करण्याचे भारताने पॅरिस करारात जाहीर केले आहे. ‘वृक्षाच्छादन’ हा शब्द मुद्दाम लिहा. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा मोठ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त फांद्या-पानांचे छत्र असलेल्या जागेलाच वनाच्छादन धरते. सोलापूरच्या रस्त्याकडेची झाडे त्यात येत नाहीत, पण वृक्षाच्छादनात येतात. ‘हे जंगल थोडेच आहे’ या उत्तराला त्यामुळे आधीच उत्तर मिळते.

अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून त्यावर विसंबून राहू नका. तो अर्ज टाका, पण हरकत आधी द्या. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. वकिलाकडे जायचे ते याच दिवसांत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. झाडाला इजा करणे हेही कायद्याच्या दृष्टीने तोडणेच आहे. बुंध्याशी कचरा पेटवणे, गोलाकार साल काढणे, डांबर किंवा काँक्रीट थेट खोडाला भिडवणे, छाटणीच्या नावाखाली एकाच बाजूच्या फांद्या उतरवणे, मग झाड कलले म्हणून ‘धोकादायक’ ठरवणे. वाळलेल्या किंवा धोकादायक झाडाची परवानगी सहसा नाकारली जात नाही, म्हणून आधी झाड वाळवले जाते. दर आठवड्याला एकाच जागेवरून एक फोटो घेत राहा.

झाड वाचले नाही तर बदली रोपांचा पाठपुरावा करावा. इथला पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा, उन्हाळा चाळिशीच्या वरचा आणि खाली बहुतेक ठिकाणी मुरूम. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यातच घेऊन तापू द्यावा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. कडुनिंब, करंज, चिंच, पिंपळ, वड इथे टिकतात. गुलमोहर लवकर वाढतो आणि वादळात लवकर मोडतो. बुंध्याभोवती चार इंच उसाचे पाचट पसरा, खोडाला न लावता, नाहीतर वाळवी चढते. एका रोपाला आठवड्याला २० लिटर धरले तर ४० रोपांना पावसाळा सोडून ३५ आठवड्यांत २८,००० लिटर लागतात, म्हणजे पाच हजार लिटरचे सहा टँकर, दरवर्षी. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असलेल्या शहरात हे टँकर कुणाच्या खात्यातून येणार, ते आदेशात लिहून घ्या.

जागा कोणती, हेही विचारा. ‘पडीक माळ आहे, तिथे लावू’ असे उत्तर आले तर त्यालाही हरकत घ्या. नान्नजचे माळढोक अभयारण्य ज्या गवताळ माळावर उभे आहे, तसा माळ पडीक नसतो. तिथला बराचसा कार्बन गवताच्या मुळांत आणि मातीत असतो, खड्डे खणले की तोच मोकळा होतो. शिवाय लांडगा, काळवीट, धाविक पक्षी यांना उघडा माळच लागतो. तिथे गिरीपुष्प किंवा सुबाभूळ लावली की ते निघून जातात. बदली रोपे शक्यतो त्याच रस्त्यावर, त्याच प्रभागात मागा, म्हणजे तोडलेल्या झाडाची सावली ज्यांची गेली त्यांनाच ती परत मिळेल आणि पाणी घातले की नाही हे बघायला तेच लोक जवळ असतील.