पावसाळ्यासाठी बोट बंद करून ठेवताय? उजनीवर दरवर्षी होणाऱ्या या चुका टाळा

ऑक्टोबर सरला, उजनी भरली, की माझे फोन सुरू होतात. "दादा, दोरी ओढून ओढून खांदा गेला, इंजिन काय चालू होईना." "दादा, बुडाला भेग दिसतीय." मी मोटर-पंप दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस. बोट ही माझी हौस. चौदा फुटी फायबरची, मागे छोटं इंजिन. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की आम्ही तिघं मित्र रविवारी पहाटे सोलापुरातून निघतो आणि टेंभुर्णीवरून बॅकवॉटरला जातो. पावसाळाभर बोट टेंभुर्णीजवळ एका नातेवाइकाच्या शेतात असते. आजूबाजूच्या हौशी लोकांना हे माहीत असल्यामुळे बिघडलेलं इंजिन शेवटी माझ्याच ओट्यावर येतं.

त्यातल्या बहुतेक इंजिनांना पाण्यात असताना काहीच झालेलं नसतं. बिघाड दिसतो नोव्हेंबरात, पण तो झालेला असतो मे महिन्यात. ऊन डोक्यावर, गाडीवाला भाड्यासाठी खोळंबलेला, आणि "आता पुढच्या सीझनला बघू" म्हणून ताडपत्री टाकून सगळे पांगलेले. त्या दिवशी तीन तास दिले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बोट बंद करण्याचे जे व्हिडिओ लोक बघतात ते थंड देशांतले असतात. तिकडे इंजिनात राहिलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि ब्लॉक फोडतं. म्हणून ते इंजिनात न गोठणारं द्रव भरतात. आपल्याकडे हिवाळा हाच बोटीचा हंगाम. बोट बंद राहते ती मेपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि तिला मारतात ते ऊन, साचलेलं पाणी आणि शिळं पेट्रोल. तरीही दोन वर्षांपूर्वी एकानं व्हिडिओ बघून गाडीचा कूलंट इंजिनात ओतला होता. गाडीचा कूलंट बहुधा विषारी असतो. नोव्हेंबरात इंजिन पाण्यात सुरू केलं की तो थेट धरणात जाणार, आणि उजनीचं पाणी अख्खं सोलापूर पितं. हे मला अजिबात चालत नाही. त्याला तोंडावर सांगितलं, इथंही सांगतो.

बूच न काढणं

बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी एक बूच असतं. बोट जमिनीवर घेतली की सगळ्यात आधी ते काढायचं. एवढं साधं काम लोक का टाळतात? "आपल्याकडं पाऊस कुठं पडतोय वो?" हे त्याचं उत्तर. मीही एकदा हेच म्हटलं होतं.

तेव्हा माझी बोट नवी होती. ट्रेलरवर चढवली, निळी ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळून बांधली, बूच तसंच ठेवलं. जून, जुलै, ऑगस्ट कोरडेच गेले. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. त्या वर्षी तो एका रात्रीत धो धो कोसळला. ताडपत्रीच्या मधोमध झोळ होता, झोळात पाणी साचलं, वजनानं दोर तुटला आणि सगळं पाणी बोटीत. पुढचे दोन दिवस पाऊस थांबला नाही आणि शेतात कोणी फिरकलं नाही.

हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझ्या बोटीचं तोंड सहा चौरस मीटरचं. १०० मिलिमीटर पाऊस झाला की ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. पाण्यात बोटीला सगळीकडून आधार असतो, ट्रेलरवर दोन फळ्यांवर. मी पोहोचलो तेव्हा एक फळी मोडली होती आणि तुटलेलं टोक बुडात घुसलं होतं. बॅटरी पाण्याखाली, पेट्रोलची टाकी तरंगत होती. बूड दुरुस्त करायला फायबरवाल्याकडे महिना गेला. अर्धा हंगाम हातचा गेला आणि रोहित आम्ही काठावरून बघितले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. बूच काढायचं आणि दोऱ्यानं स्टिअरिंगला बांधायचं, म्हणजे नोव्हेंबरात ते शोधावं लागत नाही आणि बोट पाण्यात ढकलण्याआधी डोळ्यांसमोर असतं. ट्रेलरचं पुढचं टोक विटांवर घेऊन बोट मागे उतरती ठेवायची. मग बादलीभर पाणी पुढच्या टोकाला ओतायचं. ते सगळं मागून बाहेर आलं तरच घरी निघायचं. भोकात चिंध्या किंवा माती अडकलेली असते, ती याच वेळी कळते. भोकाला जाळी लावा, नाहीतर आत सरडे आणि विंचू मुक्काम करतात.

ताडपत्रीबद्दलही बोलतो, कारण ती याच चुकीची बहीण आहे. गच्च आवळलेली ताडपत्री बोटीचं रक्षण करते असं लोकांना वाटतं. आत कोंडलेली दमट हवा गाद्यांवर बुरशी आणते आणि वायरींचे जोड हिरवे करते. मी बांबूचा आडवा कणा बांधतो, त्यावर ताडपत्री घराच्या छपरासारखी दोन्हीकडे उतरती टाकतो आणि पुढे-मागे वितभर उघडी ठेवतो. वारा खेळला पाहिजे. बाजारातली पातळ निळी ताडपत्री आपला एक उन्हाळासुद्धा धड काढत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की ती पापडासारखी तुटते. जाड घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पत्र्याची शेड. उन्हानं फायबरचा वरचा थर पांढरा पडून हाताला खडूसारखा लागतो, तो सावलीत वर्षानुवर्षं टिकतो.

टाकीत पेट्रोल तसंच सोडणं

यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडतो. "अर्धी टाकी आहे, राहू दे की, पुढच्या वेळी कामाला येईल." नाही येणार.

पंपावर आज मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्यासारख्या साखर कारखान्यांमधलं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. अर्ध्या भरलेल्या टाकीत वर हवा असते. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, झाकणाच्या भोकातून पावसाळ्याची दमट हवा आत-बाहेर होत राहते. इथेनॉल ते पाणी शोषत जातं. त्याची पाणी धरण्याची हद्द संपली की ते पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिनाची नळी पेट्रोल कुठून ओढते? तळापासूनच.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर धोका दुप्पट. त्यात आपण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतो. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात ते नसल्यातच जमा. म्हणजे पहिली काही मिनिटं इंजिनाला वंगणच मिळत नाही.

कंदरकडच्या एका तरुणानं हेच केलं. नवं घेतलेलं टू-स्ट्रोक इंजिन, सहा महिने शिळं पेट्रोल. नोव्हेंबरात ते भकभक करत सुरू झालं. हा खूश. मित्रांना बसवून निघाला. अडखळतंय म्हटल्यावर त्यानं थ्रॉटल आणखी पिळला. मधोमध गेल्यावर इंजिन एक आवाज करून थांबलं, ते परत फिरलंच नाही. वल्हं घेतलेलं नव्हतं. दोन तासांनी मासे धरणाऱ्या एका मामांनी त्यांना ओढत काठाला आणलं. माझ्याकडे मी सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनवर बोटभर लांब, खोल ओरखडे होते. त्याचं म्हणणं एकच, "पण चालू तर झालं होतं की!" चालू होणं आणि ठीक असणं यातला फरक कळायला थोडा धीर लागतो, आणि नव्या पोरांकडे तोच नसतो.

मी काय करतो: शेवटच्या फेरीला टाकीत जेमतेम पुरेल एवढंच पेट्रोल नेतो. काठाला आल्यावर, इंजिन पाण्यातच असताना, नळी काढतो आणि मंद गतीवर ते आपोआप बंद पडू देतो. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब कापडावर घेतो. ते चमचाभर पेट्रोलच वाळून डिंकासारखं होतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजवतं. टाकी पूर्ण रिकामी, झाकण काढून सावलीत वाळवलेली. उरलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोकचं असेल तर त्याच आठवड्यात मोटारसायकलमध्ये संपवतो. इंजेक्शनचं इंजिन मात्र असं कोरडं चालवू नका, त्याचा पंप पेट्रोलवरच थंड राहतो. त्यासाठी पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं. ते शेवटच्या फेरीच्या आधी घाला, म्हणजे आतपर्यंत पोहोचेल. आधीच शिळ्या झालेल्या पेट्रोलवर ते चालत नाही.

गिअर ऑइल न बघणं

पंखा (प्रोपेलर) ज्या खालच्या भागावर बसतो त्यात गिअर असतात आणि त्यांना वेगळं ऑइल असतं, हेच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. उजनीत जिथं तिथं मासेमारीची नायलॉनची जाळी. त्यांचे धागे पंख्यामागे दांड्याला गुंडाळले जातात आणि रबरी सील कापतात. पाणी आत जातं. ते सहा महिने तिथं बसलं की बेअरिंग गंजतात.

खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा. ऑइल काळसर किंवा मधाच्या रंगाचं निघालं तर ठीक. दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी शिरलेलं आहे, आणि सील आत्ताच बदला, नोव्हेंबरात गर्दी असते. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू बंद. वरून ओतलं तर हवा अडकते. स्क्रूचे वॉशर नवेच लावा. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी गिअरबॉक्स घालवणारे मी पाहिले आहेत. मोटारगाडीचं गिअर ऑइल टाकू नका, बोटीचं वेगळं मिळतं. पंखा एकदा पूर्ण काढून धागे सोडवल्याशिवाय हे काम झालं असं मी मानत नाही.

कोरडं इंजिन "जरा ऐकून बघणं"

दारात पाहुणे आले की इंजिनाची दोरी ओढून आवाज ऐकवायची खोड असते. इंजिनाला थंड करणारा पाण्याचा पंप रबरी पात्यांचा असतो, पाणी नसलं तर ती पाती काही सेकंदांत घासून जळतात. इंजिन धुवायचं तर कापलेल्या ड्रममध्ये, पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन, न्यूट्रलमध्ये. बोअरचं क्षाराचं पाणी नको, ते आत पांढरे थर सोडतं. नळाचं घ्या. रोज पाणी येत नाही हे मलाही माहीत आहे. एक ड्रम साठवा. नंतर ते झाडांना घालू नका, त्यात ऑइल उतरलेलं असतं.

यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा, सुरक्षेची क्लिप काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, चार-पाच वेळा दोरी हळू ओढा, प्लग परत बसवा. दमट हवेत सिलिंडरला गंज चढू नये म्हणून हे. मी यात कधी सूट देत नाही.

आणखी काही, थोडक्यात

इंजिन उभंच ठेवा. पंखा वर आणि डोकं खाली असं आडवं टाकलं की उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

बॅटरी काढून घरी आणा, पूर्ण चार्ज करून सावलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा परत चार्ज करा. उन्हाळ्यात ती नुसती ठेवूनही लवकर उतरते.

इंजिनावर मी खोलीत जुनी सोलापुरी चादर टाकतो. धूळ अडते, हवा जाते. पण ती उघड्यावर नको, भिजली की आठवडाभर ओल धरून ठेवते.

ऊसपट्ट्यात उंदीर फार. पेट्रोलची नळी आणि वायरी कुरतडतात. नळी काढून घरी न्या.

इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार ज्या भोकातून बाहेर येते, त्यात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. भोकावर चिकटपट्टी लावा आणि ती लावल्याची चिठ्ठी इंजिनाच्या दोरीला बांधा.

लाइफ जॅकेट साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, टांगून ठेवा. त्यावर पोती रचू नका, आतला फोम दबतो आणि मग ते माणसाला तोलत नाही.

ट्रेलरच्या चाकांत ग्रीस भरा, टायर उन्हापासून झाका.

आणि उशीर

हे सगळं करायचं तर तारीख ठरवावी लागते. माझी एप्रिलअखेर. उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात, म्हणजे उणेमध्ये गेलं की काठ लांब सरकतो आणि गुडघाभर गाळातून ट्रेलर निघत नाही. शिवाय मे महिन्यात वळवाचं वारं कधी सुटेल याचा नेम नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती हौसेची फेरी नव्हती, रोजच्या जाण्यायेण्याची होती. आपल्याला तर जायची गरजही नसते. तरी "एक शेवटची फेरी" म्हणून मे अर्धा होईपर्यंत बोट पाण्यात ठेवणारे दरवर्षी भेटतात, आणि मग आभाळ भरून आल्यावर घाईघाईत बोट ओढतात. बूच, पेट्रोल, गिअर ऑइल, सगळं त्याच घाईत राहून जातं.

नोव्हेंबरात बोट बाहेर काढाल तेव्हा इंजिन आधी घरीच ड्रममध्ये पाच मिनिटं चालवा. पाण्याची धार जोरात आणि सलग येत असेल, हाताला कोमट लागत असेल, तरच ट्रेलर जोडा. ताजं पेट्रोल, बूच घट्ट, वल्हं बोटीत.