पायथनचा पहिला प्रकल्प कमांड लाइनवरून चालवताना या चुका टाळा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला पहिला प्रोग्राम कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चालत नाही म्हणून मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कोडमध्ये काहीच बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते कोडच्या भोवतीचे: फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तिचे नाव काय ठेवले आहे आणि तिला संगणकावर बसवलेल्यांपैकी नेमका कोणता पायथन चालवत आहे. तरीही विद्यार्थी कोडच्याच ओळी पुन्हा पुन्हा बदलत बसतात, याचे मला वाईट वाटते.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश आला की फाइल नाहीशी झालेली नसते. आपण चुकीच्या फोल्डरमध्ये उभे असतो. विंडोजवर ‘डीआयआर’ आणि लिनक्स किंवा मॅकवर ‘एलएस’ ही आज्ञा देऊन समोर काय आहे ते पाहिल्याशिवाय मी प्रोग्राम चालवत नाही. विंडोज फाइलनावाचा शेवटचा भाग लपवत असल्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली फाइल प्रत्यक्षात ‘.पीवाय.टीएक्सटी’ निघते, हेही याच यादीत दिसून येते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र फाइलच्या नावाची आहे. एका विद्यार्थ्याने संख्या ओळखण्याचा खेळ लिहिला, त्यासाठी ‘रँडम’ मॉड्यूल (पायथनचा तयार कोड; त्यातले ‘रँडइंट’ यादृच्छिक संख्या देते) वापरले आणि फाइलचे नावही ‘रँडम.पीवाय’ असेच ठेवले. प्रोग्राम खेळाडूचे नाव विचारत असे आणि पुढच्याच ओळीला ‘रँडममध्ये रँडइंट नाही’ अशा अर्थाची त्रुटी देऊन थांबत असे. त्याने पायथन काढून पुन्हा बसवला. उपयोग झाला नाही. मग त्याच फोल्डरमधून पिप, म्हणजे पॅकेजे (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसवणारे साधन, चालवण्यासाठी ‘पायथन -एम पिप’ ही आज्ञा दिली, तर पिप सुरू होण्याऐवजी खेळच खेळाडूचे नाव विचारू लागला, आणि संगणकात व्हायरस शिरला अशी त्याची खात्री पटली. कारण अगदी सरळ होते. मॉड्यूल शोधताना पायथन आधी चालू असलेल्या फाइलचा फोल्डर पाहतो, ‘-एम’ वापरल्यास आपण उभे असलेला फोल्डर पाहतो, आणि प्रमाण लायब्ररीकडे (पायथनबरोबर येणाऱ्या मॉड्यूलांकडे) त्यानंतर वळतो; पिपलाही आतून ‘रँडम’ लागते, म्हणून त्यालाही विद्यार्थ्याचीच फाइल मिळाली. नाव बदलताच दोन्ही गोष्टी चालू लागल्या. 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीपासून त्रुटीचा संदेशच फाइलचे नाव बदलण्याचे सुचवतो, पण तो शेवटपर्यंत वाचणारे थोडेच असतात. मी प्रत्येक फाइलला कामाचे दोन शब्दी नाव देतो, उदाहरणार्थ ‘संख्या_खेळ’ हे रोमन अक्षरांत. ‘टेस्ट’, ‘कोड’, ‘कॅलेंडर’, ‘ईमेल’ अशी नावे कधीच देत नाही, कारण ही चारही प्रमाण लायब्ररीत आधीच आहेत.

दुसरी चूक म्हणजे प्रकल्पासाठी स्वतंत्र आभासी परिसर (त्या प्रकल्पापुरता वेगळा पायथन आणि पॅकेजे ठेवणारा फोल्डर) न बनवणे. ‘व्हीएन्व्ह’ हे असा परिसर बनवणारे साधन 2012 च्या 3.3 आवृत्तीपासून पायथनबरोबरच येते, आणि एका आज्ञेत होणारे हे काम ‘नंतर करू’ म्हणून टाळण्याला मला कोणतेही कारण दिसत नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या अलीकडच्या आवृत्त्या पिपला थेट प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू देत नाहीत. अशा वेळी घाईतले नवशिके ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय कुठून तरी उचलून चिकटवतात. त्या पर्यायाच्या नावातच धोका लिहिलेला आहे, आणि पहिल्या प्रकल्पात त्याची गरज पडत नाही.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा देण्याच्या खिडकीत) परिसर सक्रिय करण्याची स्क्रिप्ट अडवली गेली, तर सुरक्षेचे नियम सैल करू नका. मी तर ती स्क्रिप्ट वापरतच नाही. परिसराच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या पायथनला पूर्ण मार्गाने हाक मारतो आणि पिपही त्याच्याच मार्फत ‘-एम’ लावून चालवतो, त्यामुळे पॅकेज एका पायथनमध्ये आणि प्रोग्राम दुसऱ्यात असा घोळ होत नाही. हा परिसर दुसऱ्या संगणकावर नक्कल करून नेऊ नका, कारण त्यात जुन्या जागेचे पूर्ण मार्ग लिहिलेले असतात. पॅकेजांची यादी न्यावी आणि परिसर तिथे नव्याने बनवावा.

तीन बाणांच्या चिन्हापुढे (>>>), म्हणजे पायथन आधीच सुरू असताना, ‘पायथन’ने सुरू होणारी आज्ञा टाइप केल्यास वाक्यरचनेची त्रुटी येते, आधी ‘एक्झिट()’ लिहून बाहेर पडा. विंडोजवर ‘पायथन’ लिहिताच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर पायथन बसवलेलाच नाही किंवा स्थापनेच्या वेळी, पायथन कुठे आहे हे विंडोजला सांगणारी ‘पाथ’ची चौकट टिचकवायची राहिली असण्याची शक्यता आहे. बदल केल्यावर फाइल जतन करा. आणि त्रुटी आल्यास तिची शेवटची ओळ आधी वाचा, मग तिच्या वर दिलेला फाइलचा मार्ग तुमच्याच फाइलचा आहे का ते तपासा.