बडोद्याच्या उन्हात होल्गा: कोणती फिल्म, कुठे टेप

होल्गा १२०एन या प्लास्टिकच्या साध्या फिल्म-कॅमेऱ्यात ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) फिल्म घाला, हा सल्ला सगळीकडे मिळतो. बडोद्यात मार्च ते मे तो ऐकू नका. या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/१०० सेकंद उघडतं आणि भिंगाचं खरं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/१३ च्या आसपास असतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). लख्ख उन्हात एफ/१६ ला शटरचा आकडा आयएसओइतका ठेवायचा असतो, म्हणजे ४०० ला १/४००. होल्गाचं शटर त्याच्या चौपट वेळ उघडं राहतं, शिवाय छिद्रही थोडं मोठं. म्हणजे जवळपास अडीच स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कृष्णधवल फिल्म तेवढं सोसते, पण निगेटिव्ह दाट होते आणि दगडी भिंतीचा पोत पांढऱ्यात बुडतो. न्यायमंदिराच्या दर्शनी भागावर भर दुपारी १०० ची फिल्म लावा, अर्धाच स्टॉप जास्त होतो. दांडिया बाजारातली गल्लीची सावली आणि पावसाळी आभाळ यांना मात्र ४००. १०० ची फिल्म सावलीत नेली तर दोन स्टॉपांहून जास्त उजेड कमी पडतो. फिल्मवर जे उमटलंच नाही, ते नंतर कुठूनही आणता येत नाही.

भिंगाच्या वर छिद्र लहान-मोठं करणारं सूर्य-ढगाचं बटण आहे, पण त्यावर भरवसा ठेवण्याआधी एक तपासणी करा. मागचं झाकण काढा, भिंगाखालचं बटण ‘बी’वर आणा (‘बी’वर दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं, ‘एन’वर नेहमीसारखं चालतं), शटर दाबून धरा आणि वरचं बटण हलवा. छिद्र लहान-मोठं होताना दिसलं नाही, तर तुमच्या कॅमेऱ्यात दोन्ही खुणा सारख्याच आहेत. जुन्या होल्गांमध्ये हे सर्रास आढळतं. तपासणी झाल्यावर खालचं बटण ‘एन’वर आणून टेपने घट्ट चिकटवा, कारण बॅगेत ते आपोआप ‘बी’वर सरकतं आणि सगळा रोल पांढरा, हललेला निघतो.

रोल सावलीत भरा. नवा रोल डावीकडे, रिकामा स्पूल उजवीकडे. फिल्मच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी डाव्या खणात रोलखाली सरकवा. तिने रोलला थोडा अटकाव होतो आणि गुंडाळी घट्ट बसते. सैल गुंडाळीत कडांनी उजेड शिरतो, आणि पुष्कळ लोक त्याचा दोष झाकणाला देतात. झाकण बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या क्लिपांवरून आणि सांध्यावरून काळी टेप फिरवा. मागे चौकटीचा आकडा दाखवणाऱ्या लाल खिडकीवरही टेपचा तुकडा लावा, गुंडाळताना तेवढाच उचला. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हात पाघळतो. कापडी काळी टेप मिळाली तर तीच घ्या.

भिंगावर चार चित्रं आहेत: एक माणूस साधारण १ मीटर, तीन माणसं २ मीटर, घोळका ६ मीटर, डोंगर १० मीटरपुढे. अंतर पावलांनी मोजा. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर असल्याने १ मीटरवरच्या माणसाचं डोकं कापलं जातं, तेव्हा कॅमेरा किंचित वर उचला. भिंगावरची झाकणी काढायला विसरलात तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणून झाकणी घरीच ठेवा.

या कॅमेऱ्याची खरी मजा शटर आणि गुंडाळी एकमेकांना बांधलेली नसण्यात आहे. न गुंडाळता पुन्हा दाबलं की एकाच चौकटीत दोन चित्रं. दोन्ही वेळा उजेडाचं माप बरोबर असेल तर मिळून एकच स्टॉप जास्त होतो, निगेटिव्ह फिल्मला चालतं. पहिलं चित्र गडद पार्श्वभूमीचं घ्या, दुसरं त्या काळोखातच उमटतं.

सुरसागर तलावासारखं रुंद दृश्य असेल तर मागच्या खिडकीचा बाण १६ वर ठेवा, आत मात्र ६×६ सेंटिमीटरचाच मुखवटा, म्हणजे चौकटीचा आकार ठरवणारी प्लास्टिकची चौकट. आकडे आता जवळजवळ येतात, त्यामुळे शेजारच्या चौकटी कडेला सुमारे एक सेंटिमीटर एकमेकींवर चढतात. डावीकडून उजवीकडे जा, प्रत्येक वेळी कॅमेरा सुमारे ४० अंश वळवा. उलट दिशेने गेलात तर शेजारचे तुकडे जुळत नाहीत, कारण फिल्मवर चित्र उलटं पडतं.

रोल संपला की नॉब हलका होईपर्यंत फिरवत राहा. झाकण सावलीतच काढा, रोल अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि लगेच कागदी पट्टी चिकटवा.