मधल्या फळीत पहिला करार करण्याआधी

फुटबॉलमधला पहिला व्यावसायिक करार समोर आला तेव्हा मी पगार पाहिला, मुदत पाहिली आणि सही करून मोकळा झालो. माझ्या जागेवर त्या संघात आधीच तिघं खेळत होते, हे पाहिलंच नाही. अख्खा मोसम बाकावर गेला. म्हणून नव्या मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, मी आधी एकच विचारतो: तिथे तुला मिनिटं किती मिळणार?

विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा, शेवटची २० मिनिटं उतरला तरी वेगाच्या जोरावर छाप पाडून जातो. मधल्या फळीत ते जमत नाही. सेंटर बॅकला (बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याला) पास कोणत्या पायावर हवा, फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की मागची जागा कोणी भरायची, हे सामन्यामागून सामने खेळूनच अंगात मुरतं. त्यामुळे लोनवर, म्हणजे काही काळापुरतं दुसऱ्या क्लबकडे, जायची वेळ आली तर कमीपणा मानू नका. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच अठराव्या वर्षी डिनामो झाग्रेब क्लब सोडून बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्टारकडे लोनवर खेळला; २०१८ मध्ये त्याला बॅलन डी'ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला. इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो याला इंटर मिलानमध्ये जागा मिळेना. २००१ मध्ये तो ब्रेशिया क्लबकडे लोनवर गेला. तिथे हल्ल्याच्या जागेवर आधीच रॉबर्तो बाजिओ होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात आणलं. आज आपल्याला पिर्लो आठवतो तो त्याच जागेवरचा.

आता खेळाबद्दल. माझ्यात खरा बदल झाला तो एका सरावाने. प्रशिक्षक माझ्या पाठीमागे उभे राहून कधी लाल, कधी पिवळं बिब (सरावात अंगावर चढवायचं रंगीत जाकीट) उंच धरायचे. पास माझ्याकडे निघाला की चेंडू पायाला लागायच्या आत मी मागे वळून पाहून रंग ओरडून सांगायचा. पहिल्या दिवशी मी बहुतेक वेळा चुकलो, कारण नजर चेंडूला चिकटलेली. दोन-तीन आठवड्यांत मान आपोआप वळू लागली. त्याबरोबर उभं राहणंही बदललं: छाती पास देणाऱ्याकडे पूर्ण न करता अर्धी तिरकी, आणि चेंडू लांबच्या पायावर. एवढ्याने एक स्पर्श वाचतो, आणि अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी तोवर मागे पडलेला असतो. ताकद, दम हे सगळं हवंच, पण ते क्लब करून घेतो. मान वळवायची सवय तुमची तुम्हालाच लावावी लागते.

कागदपत्रांचा कंटाळा मात्र महागात पडतो. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूचा करार ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो. कराराचे शेवटचे ६ महिने उरले की दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. आणि क्लबने किमान २ महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर लेखी नोटीस द्यायची, पूर्ण रक्कम फेडायला किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायचा हक्क खेळाडूला मिळतो. माझा पगार एका क्लबने ३ महिने थकवला होता. मी रोज सरावानंतर व्यवस्थापकांना तोंडी विचारत राहिलो, ते रोज 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिले. एक ओळही लेखी दिलेली नव्हती, त्यामुळे १५ दिवसांची मोजणी कधी सुरूच झाली नाही. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याने ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसवून माझ्याकडून नोटीस लिहून घेतली, आणि त्याच संध्याकाळी ती पाठवली.