बांबूला भुंगा लागू नये म्हणून
आजरा-चंदगडकडून बांबू आणताना 3 वर्षांवरचा, पावसाळा सरल्यावर तोडलेलाच घ्या. कोवळ्यात स्टार्च जास्त, भुंगा आधी तिथंच शिरतो. खाली पिवळसर भुकटी सांडली की समजा, लागला! 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स (टाकणखार) आणि 2 किलो बोरिक अ‍ॅसिड विरघळवा. पोकळ बांबूच्या पेरांमधले पडदे आधी सळईनं फोडा, नाहीतर आत हवा अडकते आणि द्रावण पोचत नाही. आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून, मग सावलीत उभे वाळवा; उन्हात तडकतात. टाकीकडं जनावरं फिरकू देऊ नका. हे औषध पावसानं धुपतं, म्हणून छपराच्या पाख्या भिंतीपासून किमान दोन-अडीच फूट बाहेर काढा. बांबूचे खांब मातीत कधीच नको, फूट-दीड फूट उंच दगडी जोत्यावर बसवा.